जाऊन राहिलेली वीज

लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं, आणि मी गेलो तो विजेचं शिकायला. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

वडील कामठीला यंत्रमागावर होते. लाईट गेली की माग बंद, आणि लाईट रोजच जायची. म्हणून एम.टेक.च्या प्रबंधाला मी विषय घेतला: सबस्टेशनात मोठ्या बॅटऱ्या ठेवून रात्रीची वीज साठवली, तर दुसऱ्या दिवशी ती किती वेळ पुरेल? हे गणिताने मांडायचं होतं. वडील हसायचे. "दुनियेची वीज साठवून राहिला म्हणते, आन् घरच्या कंदिलात तेल नाही गा!"

गणित सोडवणारा कॉम्प्युटर दुसऱ्या शहरात होता. आकडे तक्त्यावर लिहायचे, त्यावरून तिकडे कार्डांना भोकं पाडत, आणि छापील उत्तर यायला दहा-बारा दिवस लागत. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. मुदत चुकली तर वर्ष जाणार होतं, आणि आणखी एक वर्ष वडिलांच्या जिवावर शिकायची मला लाज वाटत होती.

तिकडच्या लोकांना माझं अक्षर लागत नसे, म्हणून प्रबंधाचे मार्गदर्शक सर स्वतः तक्ता भरायला बसले. सर पुण्याकडचे. मी आकडे वाचत होतो.

"अहो, हे शंभरातले दोन कसले?"

"बॅटरी नुसती पडून असली तरी रोज जाऊन राहिलेली वीज, सर."

सरांनी मान हलवली आणि दोन लिहिले. शेजारच्या रकान्यात लिहिल्यासारखे वाटले, पण विचारायचा धीर झाला नाही.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. रात्री भरलेली बॅटरी सकाळी जवळजवळ रिकामी! सर बराच वेळ कागद उलटत बसले. मग म्हणाले, "जाऊन राहिलेली, म्हणजे गेल्यावर उरलेली, असंच ना?"

"नाही सर. जाऊन राहिली म्हणजे जात आहे. आमच्याकडे तसंच बोलतात."

सरांनी चष्मा काढला. "आणि मी ते 'उरलेली'च्या रकान्यात टाकलं. तुम्ही बघत होतात ना? मग बोलला का नाहीत?"

दुरुस्त तक्ता त्याच दिवशी गेला, मुदतवाढीचा अर्जही गेला. मी बसने कामठीला परतलो. रोज दुपारी मागांच्या शेडमध्ये वडिलांपाशी जाऊन बसायचो. पुस्तक उघडवत नव्हतं.

"काहून गा, कॉलेज सुटलं काय?"

"उत्तराची वाट पाहून राहिलो, बाबा."

"मंग पाह्य. मी बी लाईटचीच पाहून राहिलो."

ठरलेली तारीख येऊन गेली. त्यानंतर चौथ्या दिवशी, माग बंद असताना, पोस्टमनने शेडच्या दारात सरांचं कार्ड दिलं. वडील म्हणाले, "मोठ्यानं वाच." मी वाचलं:

"मुदत पंधरा दिवस वाढली. उत्तरही आले. सकाळी शंभरातली अठ्ठ्याण्णव जाऊन राहिली आहे, या वेळी माझ्या अर्थाने. प्रबंध घेऊन लगेच या."