घरापर्यंत न आलेला आवाज

देवगाव फाट्यावर पुण्याची एसटी थांबली, तेव्हा अण्णांनी खांद्यावरचा माझा बेस गिटार उतरवून माझ्या हाती दिला. माझे वडील उपदेश करणारे नव्हते. सोमवारच्या भजनात एकतारी धरून मागे बसणारा माणूस. एवढंच म्हणाले, "जा बाबा. पर आवाज घरापत्तुर येऊ दे."

तो बेस प्रिसिजन नावाच्या घाटाचा, परभणीच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आलेला. जाड मान, मधोमध तारांचा आवाज टिपणारा एकच पिकअप, आवाज भरदार. घरात अँप्लिफायरला जोडून वाजवला की पत्रे थरथरायचे आणि आई ओरडायची, "भांडे पाडतो का आता?" अण्णा मात्र भिंतीला पाठ लावून बसायचे. आवाज पाठीत शिरतो, म्हणायचे.

पुण्यात हॉटेलांत, लग्नांत वाजवू लागलो. व्हिडिओ घरी पाठवायचो. अण्णांचा फोन ठरलेला: "सगळ्यायचं ऐकू यायलंय, तुजंच येईना. तू निस्ता उभा हायस का?" मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून बेसचा खालचा सूर निघत नाही, हे किती वेळा सांगितलं. सांगून काय उपयोग? पोरगा दिसतोय आणि ऐकू येत नाही, एवढंच त्यांना कळायचं.

म्हणून जॅझ नावाच्या दुसऱ्या घाटाचा बेस घेतला. हे दोन्ही घाट जवळपास अण्णांच्या वयाचे, तरी अजून कुणी मोडीत काढले नाहीत. कोणता सरस यावर इथले वादक चहा गार होईस्तोवर भांडतात. प्रिसिजन गाण्याला खालून उचलून धरतो, स्वतः पुढे येत नाही. जॅझची मान निमुळती, बोटं पळतात; पिकअप दोन, मागचा वाढवला की आवाज जरा नाकातला होतो, पण गर्दीतून वाट काढतो. मोबाईलमधूनही काढतो.

अण्णांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला, मग फोन केला. "आला बरं का आवाज." लगेच पुढे म्हणाले, "पर ह्यो तुजा न्हाई वाटत."

त्याच वर्षी ते गेले.

यंदा प्रिसिजन घेऊन गावी गेलो, परभणीहून अँप्लिफायर आणला. पत्र्यांच्या जागी आता स्लॅब आहे. आई म्हणाली, "वाजव, मी त्यायच्या जाग्यावर बसते." मी जीव तोडून वाजवलं. ती भिंतीला पाठ लावून आवाज पाठीत शिरायची वाट पाहत राहिली.

"न्हाई रे बाबा," ती म्हणाली, "भिंत गारच हाय."

गाव सोडलेल्या तुम्हा सगळ्यांना घराचा पत्ता सांगता येत असेल. माझं घर म्हणजे भिंतीला टेकलेली एक पाठ होती. ती उठून गेली.