आईच्या बरणीतली पूड

प्रयोगशाळेत तिला सगळे दुर्बीण म्हणत. तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी बाई ताक फुंकूनच प्यायची. दोष थोडा कामाचाही होता. वनौषधींच्या पुडी आणि गोळ्या तिच्या टेबलावर यायच्या. दळल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात, पण पुडीतला डीएनए काढून ओळखीच्या नमुन्यांशी ताडून पाहिला, की बाटलीवरचं नाव खरं की खोटं ते कळायचं. बरेचदा खोटंच निघायचं. मग माणसाने विश्वास ठेवायचा तरी कोणावर?

धाकट्या भावाने वनौषधींचं दुकान थाटलं तेव्हापासून तर तिची झोपच उडाली. पूड विकणारे सगळे एका माळेचे मणी, हे तिचं ठाम मत, आणि आता त्या माळेत सख्खा भाऊ! आई त्याच्याकडेच राहायची. तिच्या गुडघ्यांसाठी तो कसल्याशा मुळीची पूड हौसेने आणून द्यायचा. आई रोज चमचाभर घ्यायची, तरी गुडघे कुरकुरतच होते. इथेच पाणी मुरतंय, असं दुर्बिणीला वाटलं.

एरवी उघडी बाटली घेऊन येणाऱ्याला ती दारातूनच परत पाठवायची. सील फुटलं की कोणाकोणाचा हात लागला ते कळत नाही. पण संशयापुढे शहाणपण टिकत नाही. आईच्या बरणीतून तिने गुपचूप थोडी पूड उचलली. निकालात मुळीचा मागमूस नव्हता, सगळा गहू.

ती तडक दुकानात गेली आणि भर गिऱ्हाइकांत कडाडली, "जन्मदात्या आईला पीठ चारतोस? लाज नाही वाटत?"

भाऊ पांढराफटक पडला. त्याने एक सीलबंद बाटली तिच्या हातात ठेवली. गिऱ्हाइकं तेवढ्यात पांगली, ती पुन्हा फिरकली नाहीत.

ती बाटली अस्सल निघाली. पटेना म्हणून तिने पुन्हा तपासली, तरी अस्सलच. मग संशयाची सुई भावजयीकडे वळली. तिला रंगेहाथ पकडायला म्हणून दुर्बीण अवचित भावाच्या स्वयंपाकघरात शिरली, तर खुद्द आईच कणीक भाजून बरणीत भरत होती.

"मळमळतं गं मला त्या पुडीने," आई ओशाळून म्हणाली. "पण तो रोज समोर उभा राहून चमचा घ्यायला लावतो. एवढ्या हौसेने आणतो, नको कसं म्हणू?"

चोर सोडून संन्याशाला फाशी! दुर्बिणीला रडूच कोसळलं. ती तशीच दुकानात गेली. भाऊ एकटाच बसला होता. तिने सगळं सांगितलं, माफी मागितली.

"मला कळलंय हे आईला सांगू नकोस," तो म्हणाला. "ती पूड यायची बंद झाली, असं सांगेन मी तिला."

"आणि गिऱ्हाइकांना मी स्वतः जाऊन..."

"ते राहू दे. ताई, त्या बरणीला घरातल्या सगळ्यांचा हात लागतो. तुला पहिल्यांदा मीच का आठवलो?"

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो खरंच विचारत होता. 'कारण तू विकतोस,' एवढंच उत्तर तिच्यापाशी होतं, आणि ते द्यायला तिची जीभ रेटेना.