मल्लव्वाला मी उठू दिलं नाही

मी चित्रं काढते. गूढ, अतींद्रिय असले विषय निघाले की ब्रश धुवायला उठून जाणारी मी. त्यामुळे हे लिहायला दोन वर्षं गेली... आणि ती भीतीपायी नाही, लाजेपायी.

माहेर निपाणीचं, लग्नानंतर बेंगळुरू. घर मल्लेश्वरमला. कामासाठी मात्र के. आर. पुरमच्या पुढे एक खोली भाड्याने घेतली होती, कारण तिला पश्चिमेची मोठी खिडकी होती. दुपारी तीन ते साडेचार तिथे जो उजेड यायचा तसा मला दुसरीकडे मिळाला नाही. शेजारी इमारतीचं बांधकाम चालू होतं. मल्लव्वा तिथे विटा वाहायची. सीमाभागातल्या अथणीकडची, म्हणून आमचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड; 'थोडं'ला मीही 'स्वल्प'च म्हणायचे. तिला मी चित्रासाठी रोजावर बसायला बोलावलं, मांडीवर तिचा दोन वर्षांचा परशा.

मॉडेल मध्येच उठली तर परत तशीच बसावी म्हणून तिच्या पायांभोवती खडूने रेघ मारून ठेवतात. मीही मारली.

"या रेघेबाहेर पाय काढायचा नाही हं."

"या वयात लंगडी खेळाय लावतीय बघ अक्का," ती परशाला म्हणाली.

सहाव्या दिवशी पोर तापलेलं होतं. अर्ध्या तासात ती म्हणाली, "अक्का, लई तापलंय वो. दवाखान्यात दावून येतो."

मी चेहऱ्यावर काम करत होते. "झालंच, मल्लव्वा. अजून स्वल्प."

थोड्या वेळाने पुन्हा. "डोळं उघडंना झालंय की वो."

"झालंच. अजून स्वल्प."

दार उघडं होतं. ती उठून जाऊ शकत होती, असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आले. पण मुकादमाने बस म्हटलं की बसायचं, ऊठ म्हटलं की उठायचं, यात तिचा जन्म गेलेला. ती खडूच्या रेघेकडे बघायची, पोराकडे बघायची, माझ्याकडे बघायची. आवळलेल्या भुवया, अर्धवट उघडं तोंड, जमिनीत रुतवलेली पायाची बोटं... मी सगळं टिपलं. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं. उजेड गेल्यावरच तिला सोडलं.

परशा तिसऱ्या दिवशी गेला. मेंदूज्वर. डॉक्टर म्हणे, आधी आणायला हवं होतं.

त्यानंतर ती एकदा आली. माझं रंग पुसायचं फडकं भिजवलं आणि गुडघ्यांवर बसून फरशीवरची रेघ पुसून काढली. वर न बघता म्हणाली, "तुमालाबी कोन तरी असंच धरून ठेवंल." आवाज चढला नव्हता. आठवड्याभरात ते कुटुंब तिथून निघून गेलं.

चित्राला मी नाव दिलं 'नाइलाज'. ते गाजलं. गरिबीचा चेहरा, हतबलतेचं दर्शन असं बरंच लिहून आलं. मुलाखतीत मी सांगायचे, "तिला जायला जागाच नव्हती हो." जागा होती. दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. चित्रातली हतबलता गरिबीची नव्हतीच... मी तिला उठू देत नव्हते, त्याची होती. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. माझ्या नवऱ्याला, विनायकलाही कधी सांगितलं नाही.

चित्र एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीने घेतलं. दोन वर्षांपूर्वी तिथल्या स्टाफसमोर बोलायला मला बोलावलं होतं. दुपारी तीनला. व्यवस्था बघणारा निखिल पुण्याचा. चित्राशेजारी उभी राहून मी नेहमीचं वाक्य म्हटलं — तिला जायला जागाच नव्हती — आणि पुढचा शब्द फुटेना. पाऊलही उचलेना. खाली बघितलं तर साधं राखाडी कार्पेट, दुसरं काही नाही. समोरच्या टेबलावर माझा फोन थरथरत होता. स्क्रीनवर विनायकचं नाव दिसत होतं. तो मला दुपारी कधी फोन करत नाही.

"ताई, फोन वाजतोय, देऊ का?" निखिलने विचारलं.

मला 'दे' म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "झालंच. अजून स्वल्प."

त्याने परत विचारलं. मी परत तेच म्हणाले. आवाज माझाच, सूरही तोच, कामात असतानाचा. लोकांना वाटलं मॅडम इमोशनल झाल्यात. हळूहळू एकेक जण उठून गेला. निखिलने माझ्या शेजारी पाण्याचा ग्लास आणून ठेवला. फोन थांबायचा, पुन्हा थरथरायचा... खिडकीच्या काचेवरचं ऊन सरकून गेलं, कुणीतरी दिवे लावले, आणि माझा पाय सुटला. साडेचार वाजले होते.

विनायक घरी एकटा होता. पॅरॅलिसिसचा झटका. जमिनीवर पडून तो एकच नंबर दाबत राहिला, माझा. शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडलं. "थोडं आधी आणलं असतं तर," डॉक्टर म्हणाले. पुढचं वाक्य मला पाठ होतं.

न्यूरॉलॉजिस्टने माझ्या त्या दीड तासाला एक नाव दिलं, अँग्झायटीतलं काहीतरी. मी ते मान्यही केलं असतं. पण दोन महिन्यांनी निखिलचा फोन आला. "ताई, राग मानू नका, पण पेंटिंग बदलून मिळेल का? आता तो इफेक्ट येत नाही. ती बाई... सॅटिस्फाइड दिसते."

मी जुना कॅटलॉग घेऊन गेले. त्यात भुवया आवळलेल्या, तोंड अर्धवट उघडं, नजर पोराकडे. कॅनव्हासवर ओठ मिटलेले होते, कपाळावर एक आठी नाही. वॉर्निश मी माझ्या हाताने दिलं होतं, ते कुठेही खरवडलेलं नव्हतं. फटकारे माझेच, पण तसे मी कधी मारले नव्हते. आणि मांडीवरचं पोर पूर्वीसारखंच, डोळे मिटलेलं. मल्लव्वा त्याच्याकडे बघत नव्हती. सरळ माझ्याकडे बघत होती.

तिचा शोध घेतला. अथणीकडच्या एक-दोघांना विचारलं. पत्ता लागला नाही. ती आहे की नाही तेही मला माहीत नाही. याचा अर्थ लावायचं मी सोडून दिलंय.

विनायकचा उजवा हात गेला, बोलणंही तुटक झालं. दिवसातून एकदा तरी तो विचारतो, "फोन... का नाही... घेतलास?" मी म्हणते, सायलेंटवर होता. त्याची नजर स्थिर राहत नाही, त्यामुळे त्याला वाचता येत नाही. ज्या मासिकातल्या सदरासाठी मी हे लिहिते आहे, ते त्याच्या आवडीचं, म्हणून दर अंक मीच त्याला वाचून दाखवते, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, काही न गाळता. हा अंकही तसाच वाचून दाखवीन.