वयाला शोभेल असा राखाडी

लहानपणी मला सारखा ताप यायचा. गल्लीतल्या डॉक्टरांनी जे औषध पाजलं, त्याने ताप गेला आणि दात राखाडी झाले. ब्रशने निघणारा रंग नव्हता तो, आतूनच तसा. यंदा बँकेच्या काउंटरवरून निवृत्त झाले आणि पुढच्याच आठवड्यात मालाडच्या एका डेंटिस्ट बाईंकडे जाऊन बसले. पुढच्या सहा दातांवर पोर्सिलेनचे व्हेनिअर्स, म्हणजे दात झाकणारी पातळ कवचं, लावून घ्यायचे होते. मुलाला बोलावलं नव्हतं, तरी तो सोबत आलाच.

डॉक्टरबाईंनी दोन नमुने दाखवले. एक हाताने थरावर थर देऊन केलेला, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. "हा अगदी नैसर्गिक दिसतो," त्या म्हणाल्या, "पण काकू, तुमचा रंग यातून डोकावणार." दुसरा साच्यात दाबून घडवलेला, जरा जाड. तो रंग झाकणार. पण त्यासाठी दात जास्त घासून बारीक करावे लागणार, आणि एकदा घासलेला दात काही परत येत नाही.

"पहिलाच घे ना आई," मुलगा म्हणाला. "थोडं ग्रे दिसलं तर दिसलं. या वयात एकदम पांढरे दात फेक वाटतात. लोक हसतील."

माझं डोकंच सटकलं. वयाला शोभेल अशी साडी झाली, वयाला शोभेल असा आवाज झाला, आता वयाला शोभेल असा राखाडी! हा रंग मला म्हातारपणाने दिलेला नाही. सोळाव्या वर्षीही तो होताच की. तेव्हा कुठल्या वयाला शोभत होता?

"दुसरा," मी म्हटलं. "आणि शेड ही." डॉक्टरबाईंच्या हातातल्या रंगांच्या पट्टीवर अगदी पांढऱ्याच्या शेजारच्या नमुन्याच्या दातावर मी बोट टेकवलं.

"आई, बाबा असते तर त्यांना हे आवडलं असतं?" मुलाने शेवटचं अस्त्र काढलं.

"लग्नात फोटोग्राफर समोर आला, तेव्हा तुझ्या बाबांनी माझ्या कानात सांगितलं होतं, तोंड मिटून ठेव. घरी जाऊन अल्बम बघ. एकाही फोटोत माझा दात दिसत नाही. माणूस चांगला होता रे. पण तेवढं मी त्यांना माफ केलेलं नाही."

मग डॉक्टरबाईंकडे वळून मी विचारलं, "घासायला कधी घेताय?"