न आलेल्या उन्हाळ्यांचा हिशेब

मोतीराममामा सकाळी तोंड धुवायचे, पण पुसायचे नाहीत. ओल्या चेहऱ्यानं अंगणात उभे राहायचे आणि पाणी किती लवकर सुकतं यावरून दिवसाचं ऊन ओळखायचे. सौंसरकडच्या बगीच्यांत फिरून झाडावर किती संत्रा टिकेल ते व्यापाऱ्यांना सांगणं, हे त्यांचं काम.

१९८८ साली माझ्या आईला, पंचफुलाला, तिगावच्या कापसाच्या वावरात संत्रा लावायचा होता. वडील गेल्यावर घर त्या एका वावरावर चालत होतं. मामा हो म्हणेपर्यंत आई रोपं घ्यायला तयार नव्हती.

तेव्हाच नागपूरच्या संशोधन केंद्रात हवामान आणि पिकांचा अभ्यास करणाऱ्या सरलाताईंनी मामांना बोलावलं. फळगळीचं विचारायला त्या आमच्याकडे येऊन गेल्या होत्या. मी नागपूरला एम.ए. करत होते, मीच मामांना घेऊन गेले. त्यांच्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर हिरवे आकडे होते. उन्हाळा दोन अंशांनी तापला तर किती फळ गळेल आणि तीस वर्षांत किती रुपये बुडतील, ते संगणक मांडत होता. उत्पन्नाची रेघ उतरत उतरत तळाला गेली.

"ही गरमी येऊन कुठून राहिली, बाई?"

"धुरातून, मामा. जगभरच्या गिरण्या, मोटारी."

"कोण्या मुलखातला धूर, अन् आमच्या पंचफुलाच्या झाडाले लागते?" मामा खुर्चीच्या कडेला सरकले. "गरमी आहे तेवढीच ठेवून दाखवा बरं."

सरलाताईंनी एकच आकडा बदलला. दुसरी रेघ वर राहिली. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्या दोन रेघांकडे बोट केलं.

"यातली खरी कोणती?"

"ते अजून ठरलं नाही. असं झालं तर काय, एवढंच हे सांगतं."

परतताना गाडीत ते हळूच म्हणाले, "तीस सालं पोरी, आलीबी नाहीत अजून. अन् मी पाहून आलो."

आईनं दारातच अडवलं. "बोल ना भाऊ, लावू का? मशीननं जीभ ठेवून घेतली का तुझी?"

"अर्ध्यात लाव. अर्ध्यात कापूस राहू दे."

"लोकाइले पक्कं सांगतं, अन् बहिणीले अर्धं?"

"लोकाइले एका बहाराचं सांगतो. तुले तीस सालांचं सांगून राहिलो. त्याच्यात मी कच्चा आहो."

आई रुसली, पण खड्डे अर्ध्याच वावरात खोदले. पावसानं उघडीप दिली तेव्हा रोपं आणून लावली. दुसऱ्या दिवशी मी नागपूरला परतले आणि त्याच आठवड्यात मामा झोपेतच गेले. मी ऐकलेलं त्यांचं शेवटचं बोलणं त्या लावणीच्या दुपारचं. बांधावरून त्यांनी आईला हाक मारली होती, "पंचे, रोपं सावलीत सरकव, मी पाणी घेऊन येतो."