कवायतबाई आणि पंधरा ऑगस्ट

आमच्या कवायतबाईंच्या गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. त्या नुसती टाळी वाजवायच्या. "शिट्टी पोलिसांची. माज्या पोरांना टाळी पुरते," म्हणायच्या. बाई सानपाडा गावच्या, खाडीकाठच्या. वाशीत इमारती उभ्या राहत होत्या, त्या काळात आमच्या नव्या शाळेत त्या हंगामी नोकरीवर होत्या.

झेंड्याचं त्यांना भारी अप्रूप. आदल्या दिवशी घरी नेऊन स्वतः इस्त्री करायच्या. पण सकाळी रांगेतून फिरताना प्रत्येकीला विचारायच्या, "खाऊन आलीस ना गो?" चक्कर आली तर खाली बसवायच्या. "झेंड्याला मान द्यायचा, पन पोर पाडून नाय." मुख्याध्यापकांना हे मुळीच पटत नसे.

एका पंधरा ऑगस्टला पाहुणे दीड तास उशिरा आले. पाऊस थांबून नुसता घाम चालला होता. माझ्या मागे सुमन होती. वडील महाप्याच्या कारखान्यात कामाला. तिच्या अंगात ताप होता. राष्ट्रगीत सुरू झालं आणि ती डुलू लागली. बाई पुढे आल्या, हळूच म्हणाल्या, "बस गो बाय, खाली बस." मी स्पष्ट ऐकलं.

सुमन खाली बसली, ते पाहुण्यांनी पाहिलं. मुख्याध्यापकांनी सुमनवर राष्ट्रगीताच्या अपमानाचा ठपका ठेवला. "मीच बसवली तिला," बाई म्हणाल्या. सरांचा विश्वास बसेना. मी वर्गाची मॉनिटर, संचलनात झेंडा धरणारी, मला बोलावलं.

"बाई काही बोलल्या होत्या?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. झेंडा आपल्या हातून जाईल, एवढंच माझ्या मनात आलं.

"मला ऐकू आलं नाही, सर."

खोटं बोलून पोरीला पाठीशी घातलं, असं ठरून बाईंची नोकरी गेली. सुमनला सगळ्या शाळेपुढे माफी मागायला सांगितलं, तेव्हा वडिलांनी शाळेतून तिचं नावच काढलं आणि बिऱ्हाड गावी हलवलं. सव्वीस जानेवारीला झेंडा मीच धरला. देशावर प्रेम बसावं म्हणून तो सगळा थाट. मला वाटत होती ती नुसती भीती.

दोनेक वर्षांनी वाशीच्या मासळीबाजारात बाई दिसल्या, कोळंबीच्या टोपलीमागे. मी तोंड चुकवणार तोच त्यांनी हाक मारली.

"ती सुमन गो, तिला परत घेतली ना शालंत?"

"हो बाई," मी म्हणाले. "यंदा पहिली आली."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "बरा झाला. मना वाटलं, माज्यापायी पोरीची शाला सुटली."

मी मान हलवली आणि भराभर चालू लागले.