चौऱ्याहत्तर किलोची हवा

जगातली निम्मी दुःखं टायरमध्ये हवा जास्त भरल्यानं होतात आणि उरलेली निम्मी कमी भरल्यानं, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ निघाला. दारात पाहुणा आला की लोक पाणी विचारतात, हा वजन विचारतो. माझ्या मुलाच्या लग्नात व्याही गाडीतून उतरले, तर त्यांनी पाय धुवायच्या आत यानं विचारलं, "नव्वद असाल ना जी? सायकल घ्याल तर बारीक टायर घेऊ नका, तुमच्या कामाचं नाही." व्याही सज्जन, हसले. माझी बायको मात्र लाल झाली. जे गोल दिसेल ते अंगठ्यानं दाबून पाहायचं, ही त्याची दुसरी खोड. ओमतीच्या बाजारातल्या भाजीवाल्यानं एकदा हात जोडले होते, "भैया, टमाटर लेना है कि पंक्चर देखना है?" यानं लग्न केलं नाही. केलं असतं तर बायकोला आधी सायकलवर बसवून पाहिलं असतं. मी फॅक्टरीत फिटर होतो, आठवी नापास. लिहिण्याचा आणि माझा संबंध नाही, पण या माणसाबद्दल लिहायला शाळा लागत नाही.

त्याची सिविल लाइंसमधली कारकुनी संपली त्या महिन्यात त्यानं रेसची सायकल घेतली. टायर तेवीस मिलिमीटरचं, म्हणजे जाडीला माझ्या अंगठ्याएवढं, आणि त्यात एकशे वीस पाउंड हवा. बारीक आणि कडक टायर म्हणजे स्पीड, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्या टायरवर तो दर रविवारी आमच्याकडं जेवायला यायचा आणि पहिली दहा मिनिटं त्याचा जबडाच जागेवर नसायचा. एकदा घरी विरजलेलं दही डब्यातून घेऊन आला. झाकण काढलं तर वर पाणी, खाली चोथा. बायको म्हणाली, "हे दही होय? हवा कमी कर की गाढवा." हा म्हणाला, "ताई, कडक टायरला स्पीड असतो." ती म्हणाली, "एवढा स्पीड आहे तर रोज उशिरा काहून येतोस?"

हे त्याला लागलं. पुढची दोन वर्षं या माणसानं दुसरं काही केलं नाही. हँडलला दह्याचा डबा बांधायचा, नर्मदेकाठी ग्वारीघाटाच्या उतारावर एका कडुनिंबापासून पायडल न मारता सायकल सोडायची, आणि जिथं थांबेल तिथं खडूनं रेघ मारायची. मग टायर बदलायचं, हवा बदलायची, पुन्हा वर जायचं. फुलवाले त्याला रस्ता मोजणारा सरकारी माणूस समजायचे आणि सडक कधी होणार म्हणून विचारायचे. शेवटी त्याला कळलं ते असं. नव्या गुळगुळीत डांबरावर बारीक टायर हातभर पुढं जातं, बस. आपल्या रोजच्या सडकेवर मात्र रुंद टायर, हवा बेतानं, हेच लांब जातं आणि दहीही शाबूत राहतं. "जे वर उडतं ते पुढं जात नाही, भाऊजी. कडक टायर दर खड्यावर उडतं." हवा फार उतरवून पाहिली तेव्हा खड्ड्याच्या काठावर रिम बसली आणि ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं पडली. म्हणजे तेही नाही. ज्याचं जेवढं वजन तेवढी हवा, मागं थोडी जास्त, पुढं थोडी कमी. हा निकाल सांगायला तो धावत आमच्याकडं आला. बायको पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मी काय वेगळं सांगून राहिली होती?" हा गंभीरपणे म्हणाला, "तुझं बरोबर होतं ताई, पण तुझ्याजवळ पुरावा नव्हता."

मग त्यानं बत्तीसचं टायर मावेल अशी नवी सायकल घेतली आणि जुनी माझ्या गळ्यात मारली. तिच्यात अठ्ठावीसच्या वर टायर बसत नाही. माझी हवा ठरवायची त्याची रीत अशी, की मागचं चाक ओलं करायचं, खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद, मला भिंतीला धरून वर बसवायचं, आणि कागदावर उठलेला ओला ठसा पट्टीनं मोजायचा. ठसा लांब तर हवा कमी, आखूड तर जास्त. माझं वजन चौऱ्याहत्तर. पुढं सत्तर, मागं पंच्याहत्तर पाउंड. ठशाभोवती पेन्सिल फिरवून तो कागद घडी करून खिशात ठेवायचा, जसा कोणी देवाचा अंगारा ठेवतो.

मागच्या पोळ्याच्या आधी माझी बायको गेली. सकाळी छातीत दुखलं, दुपारी संपली. तेरावं झालं. मला वाटलं, बहीण गेली, आता हा कशाला येतो. पण पुढच्या रविवारी हजर, हातात पंप. तिचं नाव नाही, डोळ्यांत पाणी नाही. मला राग आला. म्हटलं, "तुला दुसरं काही सुचत नाही का?" म्हणाला, "मागच्या चाकात पाच पाउंड कमी आहे, भाऊजी."

खरं सांगतो, माझं जेवण सुटलं होतं. एकट्यासाठी पोळी लाटायला हात उठत नव्हता. चहा आणि दोन बिस्किटं, की दिवस गेला. पुण्याहून मुलगा फोनवर विचारायचा, "बाबा, जेवलात?" मी म्हणायचो, "जेवलो." जगायची हौस उरली नव्हती, आणि हे कोणाला कळू नये एवढीच काळजी घेत होतो.

आठ महिने असे गेले. एका रविवारी त्यानं पुन्हा ठसा घेतला. पट्टी लावली. म्हणाला, "पुन्हा बसा." पुन्हा बसलो. तिसऱ्यांदा बसवलं. मग खिशातून जुना कागद काढून शेजारी ठेवला.

"हवा तेवढीच आहे. ठसा आखूड काहून आला?"

"मला काय विचारतोस?"

"दहा-अकरा किलो उतरले तुम्ही."

"म्हातारपण आहे रे."

"म्हातारपण असं झपाट्यानं उतरत नाही. जेवता का?"

"जेवतो."

"काल काय जेवले?"

मला काही आठवेना. ओरडलो, "त्रेसष्ट किलोची हवा भर अन् जा आपल्या घरी."

त्यानं पंप लावला आणि मोजून पंच्याहत्तर भरली. "हवा चौऱ्याहत्तर किलोचीच राहील. तुम्ही हवेइतके व्हा."

"अबे, हे चूक आहे. तुलाच माहीत आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "चूकच करून राहिलो."

त्यानंतर दर रविवारी तो मला त्या कडक टायरवर ग्वारीघाटाला नेऊ लागला. प्रत्येक खडा थेट मस्तकात. मी शिव्या द्यायचो, तो ऐकायचा. आणि पुन्हा चौऱ्याहत्तर होऊन त्याची जिरवायची म्हणून मी घरी भात टाकू लागलो. आधी मूठभर, मग वाटीभर. चिडून जेवलेलं अन्नही अंगी लागतं, हे मला माहीत नव्हतं.

परवाच्या रविवारी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. नाववाला म्हणाला, "उस पार चलेंगे, बाबूजी?" हा नको म्हणायला वळला, तेव्हा सदरा वर झाला आणि त्याचा पट्टा दिसला. त्यावर खिळ्यानं पाडलेलं नवं भोक होतं. त्याच्या पलीकडं आणखी एक. सदरा अंगावर नाही, खुंटीवर लटकल्यासारखा. आणि मी इतके महिने फक्त त्याचा पंप पाहत होतो.

"काहून रे, हे काय?"

"पट्टा जुना आहे."

"खरं सांग."

त्यानं सदरा खाली ओढला. "रविवारी ताईकडं जेवायची सवय होती, भाऊजी. ते गेलं, मग बाकीचंही जेवण गेलं."

ती गेल्यापासून दर रविवारी तो माझ्या दारात आला, आणि मी त्याला एकदाही जेवून जा म्हटलं नव्हतं.

त्याला घरी आणलं. भात खाली लागला, वरणात मीठ टाकायचं राहिलं. त्यानं दोनदा मागून घेतलं, मी दोनदा वाढलं. ताटं उचलताना म्हणाला, "वरण अळणी होतं."

मी म्हटलं, "तुझ्या बहिणीनं शिकवलंच नाही."

मग आम्ही दोघं खरकटी ताटं हातात धरून मोरीशी तसेच उभे राहिलो. आधी कोणी धुवायचं, ते ठरेना.